मोडक्या खेळण्यांचा धंदा

त्या काळी स्टार्टअप हा शब्द आमच्या कानावरही पडला नव्हता. वडिलांच्या रिकाम्या गॅरेजात मी आणि धाकट्या बहिणीने खेळणी भाड्याने द्यायला सुरुवात केली, एवढंच. ते गॅरेज अजून डोळ्यांसमोर आहे. तेलाचा वास, टेबलावर पडणारं तिरपं ऊन. धाकटी गिऱ्हाईक बघायची, मी मोडून आलेली खेळणी जोडायची. भागीदारी निम्मी-निम्मी, तीही शब्दावर. पण मुलं मोडतच होती आणि मी जोडता जोडता मेटाकुटीला आले होते.

शेवटी धाकटीने तिच्या नवऱ्याच्या ओळखीतले एक कारखानदार सल्ल्याला बोलावले. ते दुपारभर स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांकडे बघत होते. मग म्हणाले, "मुलं खेळणं घेतात आणि घरी जायचं सोडून ताईंच्या टेबलाशी रेंगाळतात. त्यांना जोडायचंय. तुम्ही मोडकीच खेळणी द्या."

"अहो, लोक चपला घेऊन अंगावर येतील!" मी म्हटलं.

तरी शेजारच्या मुलीला चाक निखळलेली गाडी देऊन पाहिली. तिने चाक वाकडं बसवून आणलं आणि विचारलं, "याहून जास्त मोडलेलं आहे का?"

मग काय, गॅरेजात पाय ठेवायला जागा उरेना. मी चांगली खेळणी मुद्दाम मोडू लागले. लहानग्याला जमेल असं मोडणं वेगळं, मोठ्याला चांगलंच छळेल असं वेगळं. एवढी मजा मला कुठल्याच कामात आली नव्हती.

एका सकाळी पाहते तर धाकटी मी मोडलेल्या खेळण्यांचे नमुने पिशवीत भरत होती.

"कुठे निघालीस?"

"कारखान्यात. आता सगळं तिथेच बनेल. कंपनी काढली आम्ही, ताई."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि ते कारखानदार." तिने वर पाहिलं नाही. "तुला पगारावर घेऊच की! नमुने तूच करायचेस."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू खोडा घातला असतास."

कारखानदारांचा मला राग नाही आला. ते परके, त्यांना दिसलं ते त्यांनी सांगितलं. पण हिला सायकल मी शिकवली होती. हिच्या थापा आईपासून मी लपवल्या होत्या.

"पगार नको मला."

"रागावलीस?"

मी टेबलावरचे स्क्रू डबीत भरू लागले. ती सवयीने मदतीला वाकली.

"राहू द्या," मी म्हटलं. "तुम्हाला उशीर होईल."

तिचा हात तसाच थांबला. मग तिने पिशवी उचलली.