पाचवीपर्यंत बोलायचं नसतं

अदालत रोडवर झेरॉक्सच्या दुकानाशेजारचा जिना चढून गेलं की सुलेखाताई वकिलांची खोली लागते. माझ्या नातीची, सायलीची, तक्रार ग्राहक आयोगात दाखल होऊन चार महिने झाले होते. बाळंतपणात ओढाताण केल्यामुळे तिच्या मुलीचा, संस्कृतीचा, डावा हात लुळा पडला, त्याची भरपाई मिळावी, अशी ती तक्रार. संस्कृती तेव्हा दीड वर्षाची होती. ऑपरेशन केलं तर हात तोंडापर्यंत तरी जाईल, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिचा बाप शिवम वाळूजला कंत्राटी कामावर. त्याच्या पगारात ते ऑपरेशन बसणारं नव्हतं.

त्या दिवशी दवाखान्याचं उत्तर आलं होतं. सुलेखाताई ते वाचता वाचता थांबल्या, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग पुढचं मोठ्यानं वाचलं.

"जन्माच्या वेळी बाळाचे दोन्ही हात व्यवस्थित होते. घरी नेल्यानंतर बाळाच्या पणजीने पारंपरिक पद्धतीने जोरात मालीश केल्यामुळे खांद्यास इजा झाली आहे."

पणजी म्हणजे मी, राजाबाई.

"वा रे वा!" सायली माझा हात वर धरून खुर्चीतून उठलीच. "ह्या हातानं अर्ध्या देवगावची लेकरं न्हाली. मी न्हाले. माझा कुठं हात मोडला? त्यांना म्हणावं, या, तुम्हालाबी न्हाऊ घालंल ती!"

"बस गं. मला पटतं, पण आयोगाला कागद लागतो," सुलेखाताई म्हणाल्या. "डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय, आई व बाळ सुखरूप. तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी गेलात. हात डॉक्टरला दाखवलात सातव्या दिवशी. मधल्या दिवसांत बाळ आजींच्याच पायावर. आजी, तुम्हाला हे पहिल्यांदा कधी दिसलं?"

"सहाव्या दिवशी," माझ्याऐवजी सायलीनंच उत्तर दिलं. "न्हाऊ घालताना मायला दिसलं. तिनंच मला हाक मारली."

माझी लेक शीला गेली तेव्हा सायली सात वर्षांची होती. तेव्हापासून ती मला माय म्हणते. आजवर तिनं माझ्या कुठल्याही शब्दावर दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.

मी मेंढरांमागं वाढले. माझे वडील मुंजाबा दिवाळीनंतर कळप घेऊन गंगापूरकडं उतरायचे आणि रिकाम्या रानात आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, पडायचा. तिथंच मेंढ्या व्यायच्या. पिल्लू अडलं तर वडील कधी हिसका देत नसत. म्हणत, "कळ आली की तिच्यासंगं हात न्यायचा. कळ नाय तं हात नाय." एकदा ते बाजारला गेलेले असताना चुलत्यानं घाईत एक पिल्लू ओढून काढलं. पिल्लू जगलं, पण त्याचा पुढचा एक पाय कायम लोंबत राहिला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. कळप पुढं निघाला की मी त्याला खांद्यावर घेऊन मागून चालायची. त्या पायाचं वजन मला अजून आठवतं. जिवंत असून जीव नसलेलं वजन.

सायलीचं बाळ लई मोठं होतं, चार किलोच्या वर. डॉक्टरीणबाई उशिरा आल्या. आत ओढा, ओढा चाललेलं मी दाराबाहेर ऐकत होते. मग नर्सनं गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं. मी कोपऱ्यात जाऊन कापड सोडलं. तळहाताला बोट लावलं तर उजव्या हातानं ते घट्ट धरलं. डावा हात उचलला तर त्याचं तेच वजन.

मी कापड पुन्हा गुंडाळलं आणि कुणालाही काही बोलले नाही. आमच्यात पाचवीपर्यंत लेकरातलं वंगाळ तोंडानं उच्चारत नाहीत. पाचव्या रात्री सटवाई नशीब लिहायला येते. माझी आई सांगायची, जे घरात बोललेलं असतं तेच ती कपाळावर लिहिते. मी शिकले सातवीपर्यंत, अंगणवाडीत मदतनीस म्हणून वीस वर्षं काढली, दर महिन्याला लेकरांची वजनं केली. तरी त्या क्षणी मला माझी आईच आठवली. घरी आल्यावर मी बाळाला न्हाऊ घातलं, पण त्या हाताला तेलाचं बोटसुद्धा जपून लावलं. सहाव्या दिवशी सकाळी सायलीला हाक मारली, आत्ताच दिसल्यासारखी.

आणि आता ती वकिलांसमोर माझ्या हातांची शपथ घेत होती. मी गप्प राहिले असते तर तिच्या लेखी मी होते तशीच राहिले असते. पण त्या कागदावर माझ्या हातांनी इजा झाली असं राहिलं असतं, आणि लेकराचं ऑपरेशनही राहिलं असतं.

"सहाव्या नाय," मी म्हणाले. "पहिल्याच दिवशी दिसलं."

सायली माझ्याकडे वळली. "पहिल्या दिवशी? म्हंजे दवाखान्यातच?"

"व्हय."

"आन् मला बोलली नाय? डॉक्टरीण समोर उभी होती, माय. तिथंच दाखवलं असतं ना."

"पाचवी व्हायची होती, बाय."

"सटवाईला कळू नये म्हणून?" तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "तिला काय दिसत नव्हतं?"

तिनं पायाशी खेळणाऱ्या संस्कृतीला कडेवर घेतलं आणि जिना उतरून गेली.

सुलेखाताईंनी माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. मी पाणी प्यायले तशी त्यांनी वही उघडली. "आजी, दवाखान्यात हा हात अजून कुणी पाहिला होता?"

"टोचायला आली त्या नर्सनं." ते सगळं मला कालचं असल्यासारखं आठवत होतं, कारण तेव्हा मी श्वास धरून उभी होते. "तिनं डावा हात कापडातून काढला. तो खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिनं डॉक्टरीणबाईकडं पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. मग नर्सनं लेकरू फिरवलं आन् उजव्या दंडावर टोचलं."

सुलेखाताईंचं पेन थांबलं. "उजव्या? नक्की?"

"नक्की. मला वाटलं, बरं झालं, कुणी काय बोललं नाय."

त्यांनी आपल्या डाव्या दंडावरची बाही वर केली. तिथं जुना, गोल व्रण होता. "बीसीजी डाव्या दंडावर देतात, आजी. सगळ्यांना तिथंच." आणि खिडकीशी जाऊन त्यांनी खाली रस्त्यावर हाक मारली, "सायली! पोरीला घेऊन वर ये, लवकर!"

सायली आली. संस्कृतीच्या उजव्या मुठीत पेरूची फोड होती आणि ती द्यायला ती तयार नव्हती. सुलेखाताईंनी तिच्या फ्रॉकची डावी बाही वर केली. दंड कोरा होता. उजवीकडं मसुराच्या दाण्याएवढा खड्डा होता. लसीच्या कार्डावर तारीख जन्माच्या दिवसाची आणि शिक्का त्याच दवाखान्याचा.

"हात व्यवस्थित होता म्हणतात त्याच दिवशी त्यांच्याच नर्सनं तो टाळलाय," सुलेखाताई म्हणाल्या. "आता विचारू त्यांना, का ते."

दीड वर्ष आम्ही रोज त्या लेकराला कपडे घातले, आणि तो व्रण कुठल्या दंडावर आहे याचा कधी विचार केला नव्हता.

वाळूजच्या रिक्षात सायली माझ्याशी बोलली नाही. संस्कृती सवयीनं माझ्याच मांडीवर बसली होती. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "अम्मा, बच्ची का हात अंदर लेओ, बाहर लटकरा है." मी हलायच्या आत सायलीनं तो हात आत ओढून घेतला आणि खोलीवर पोचेपर्यंत आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

दोन दिवस ती कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी संस्कृतीला व्यायामाच्या डॉक्टरकडून घेऊन आली आणि मी मेथी निवडत होते तिथं येऊन बसली.

"विचारून आले," ती म्हणाली. "पाच दिवस आधी आणलं असतं तर काय फरक पडला असता म्हणून. ते म्हणाले, पहिले आठ-धा दिवस तेबी त्या हाताला हालवत नाहीत. आरामच देतात."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

"म्हणून माझा राग गेला असं समजू नको."

"नाय समजत."

तिनं समोरच्या ढिगातून चार काड्या उचलल्या. "पाच दिवस एकटीच घेऊन बसली होतीस ते. मी तुझ्या शेजारी झोपलेली. मला उठवायचं होतंस ना, माय. दोघी भ्यालो असतो."

तिनं माझ्या पदरानंच माझं नाक पुसलं, मी तिचं पुसायची तसं, आणि पालेभाजीकडं पाहून म्हणाली, "देठं कशाला ठेवती? शिवमला कडू लागतात."

पुढच्या आठवड्यात माझ्या शपथपत्रावर सही करायला गेलो. सुलेखाताईंनी मसुदा पुढं केला आणि जरा चाचरत म्हणाल्या, "हे सटवाईचं वाक्य काढायचं का, आजी? समोरचे वकील हसतील. 'भीतीमुळे सांगितले नाही' एवढंच ठेवू."

मी सायलीकडं पाहिलं. तिनं कागद घेऊन ते वाक्य मोठ्यानं वाचलं. "पाचवीपूर्वी बोलल्यास सटवाई तेच नशीब लिहील, या समजुतीने मी ही गोष्ट माझ्या नातीपासूनही लपवली."

वाचून झाल्यावर तिनं कागद परत टेबलावर ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "कशाची भीती ते नाय लिहिलं तर त्यांना वाटंल, म्हातारीनंच काहीतरी केलं म्हणून भ्याली. हसायचं तर हसू द्या. माझी माय खोटं बोलत नाय असं मी तिथं सांगणार होते. आता, एकदाच बोलली, असं सांगीन."

"अन् का बोलली, विचारलं तर?" सुलेखाताईंनी विचारलं.

"तर म्हणीन, माझ्यासाठी."

संस्कृती टेबलाखाली बसून झेरॉक्सचे रद्दी कागद एका हातानं उलटेपालटे करत होती. मी चष्मा लावला. वर पंखा फिरत होता, कागद सारखा उडत होता. सायलीनं त्याच्या दोन्ही कडा तळव्यांनी दाबून धरल्या, आणि मी सावकाश, एकेक अक्षर काढत, माझं पूर्ण नाव लिहिलं.