डोमाजीचे हात

डोमाजीला तीन वर्षांपासून विसर पडत चालला होता, पण तलमडुगूजवळच्या आपल्या खेड्यात त्याचं फारसं अडलं नव्हतं. वाट चुकला की कोणीतरी हात धरून घरी आणून सोडायचं. जेवण झाल्यावर पुन्हा भाकर मागितली, तर बायको बयनाबाई मुकाट्याने चतकोर वाढायची. दिवाळीनंतर तो न्हाणीत घसरला, खुबा मोडला, आणि मुलाने, लखनने, त्याला आदिलाबादच्या एका दवाखान्यात आणून टाकलं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला तो डोमाजी निराळाच होता. जन्मभर बाजारात तेलुगू बोललेला माणूस, पण ती भाषा डोक्यातून साफ पुसली गेली होती. सिस्टर तेलुगूत काही विचारायला वाकली की तो अंग चोरायचा. मग हात जखमेकडे जायचे. पट्टी उचकटून तो आतला कापूस काढायचा आणि उशाशी त्याचा नीट ढीग लावायचा.

"अवो, काय करून राह्यले?" बयनाबाई विचारायची.

"कापूस येचून राह्यलो. सारी पऱ्हाटी फुटली. बाई, तुमी पलीकडची ओळ घ्या."

बाई. कितीतरी महिने त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चहा आणायला खाली गेली. परत येऊन पाहते, तर त्याचे दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधलेले, आणि तो मान हलवून हलवून घामाघूम झालेला.

"ढोर हाय का थो, असं बांधाले?" तिने गाठी सोडल्या.

सिस्टर रागावली नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली, "अम्मा, तीन बार सलाईन की सुई निकाल दिए, तीन बार लगाई मैं. चालीस पेशंट को हम दो जन. तुम हाथ पकड़ के बैठते?"

"बसतो," बयनाबाई म्हणाली.

आणि ती बसली. लखन कामावर इचोड्याला परतला होता. दोन दिवस तिने डोमाजीचे हात आपल्या हातांत धरून ठेवले. लघवीला जायचं तर शेजारच्या पेशंटच्या बायकोला घटकाभर बसवायची. डोमाजी हिसके द्यायचा, एकदा चावला, तरी तिने सोडले नाहीत. तिसऱ्या दुपारी बसल्याजागी तिचा डोळा लागला. किती वेळ, तिला कळलं नाही. जाग आली तेव्हा चादर रक्ताने भिजली होती आणि टाके उसवले होते.

डॉक्टरांनी पुन्हा टाके घातले. "अब खुला तो मुश्किल है," एवढंच बोलून ते पुढच्या खाटेकडे वळले. सिस्टर पट्टीचा गुंडाळा घेऊन आली आणि बयनाबाईकडे पाहत उभी राहिली.

"द्या इकडे," बयनाबाई म्हणाली. "तुमी बांधसान तर भेईल थो."

तिने उजवा हात बांधला. डावा हात बांधताना डोमाजीने एकाएकी तिच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. नजर अगदी स्वच्छ होती.

"बयने," तो म्हणाला, "तू काऊन बांधून राह्यली वं?"

तिचे हात थांबले. सिस्टर उभीच होती. बयनाबाईने खाली मान घालून गाठ पक्की केली.

त्यानंतर तो ओरडला नाही, हिसके दिले नाहीत. जखम भरली. बाराव्या दिवशी लखनने त्याला गाडीत घालून गावी नेलं. घरी त्याला कोणी बांधलं नाही, पण त्याने हात उचलणंच सोडून दिलं होतं. तोंडावर माशी बसली तरी तो पडून राहायचा. घास पुढे केला की तोंड उघडायचा, मग भरवणारं कोणी का असेना.

संध्याकाळी ती त्याच्या मनगटांना तेल चोळायची. "अवो, मी बयना," म्हणायची. तो आढ्याकडे बघत राहायचा. संक्रांतीच्या आधी तो गेला. तोवर ती रोज सांगत राहिली, आणि तिचं नाव त्याच्या तोंडून पुन्हा कधी निघालं नाही.