खिडकीकडचा अर्धा पलंग

“ताई, एकदा कापला की परत जोडता येणार नाही हं,” सुतारकाकांनी करवत टेकवून बजावलं होतं.

ती हसली. “कापा हो काका. जोडायचाय कुणाला?”

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. म्हणजे, त्यातला खिडकीकडचा अर्धा. मला घडवलं दोघांसाठी. दुकानात येणारा प्रत्येक जण माझ्यावरून कौतुकाने हात फिरवायचा. मग या नवरा-बायकोने मला घरी आणलं आणि कापून माझे दोन भाग केले. ती नर्स, तो पुस्तकांची बांधणी करणारा. का कापलं, मला आधी कळेना. भांडण? छे! शरीराची जवळीक दोघांनाही नको होती. लग्नाआधीच तसं एकमेकांना सांगून झालं होतं. प्रेम मात्र भरपूर. ड्यूटीवरून तिचे पाय सुजून आले की तो गरम पाण्याची बादली आणायचा. “नर्सबाई, जरा पेशंट व्हा.”

दर वर्षी लग्नाच्या तारखेला सकाळी तो समोरच्या अर्ध्यावरून विचारायचा, “काय, अजून एक वर्ष?”

“घोरणं कमी करणार असशील तर हो,” ती पांघरुणातूनच म्हणायची.

बारा वर्षं हेच चाललं. यंदा त्याने विचारलंच नाही. चहा प्यायला, कामावर गेला. ती दुपारपर्यंत माझ्यावर बसून राहिली. मग तिची थोरली बहीण आली.

“लोक एकदा लग्न करतात नि सुटतात. तुमची काय दर वर्षी परीक्षा?”

“आमच्याकडे दुसरं आहे काय, ताई? तो विचारायचा, मी हो म्हणायचे. तेच आमचं लग्न. यंदा त्याला नको असेल.”

बॅग भरून दोघी गेल्या.

संध्याकाळी तो माझ्यावर टेकला. फोन हातात, पण लावेना. “बारा वर्षांनंतरही विचारायचं म्हणजे तिच्यावर भरवसा नाही असं झालं असतं,” एवढंच पुटपुटला. आज आठवा दिवस. रोज माझ्यावर धुतलेली चादर घालतो.

न विचारणं म्हणजे विश्वास की नकार? माझ्या लाकडी डोक्यात काही शिरत नाही. दोघांचंही ऐकलं ते मी एकट्याने, आणि मलाच तोंड नाही.

मित्रांनो, तुम्हाला आहे. ती थोरल्या बहिणीकडे आहे, घर बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर. तिला सांगा, इकडे कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही. पण ते नंतर. आधी ती कशी आहे, जेवते-झोपते ना, तेवढं बघून याल?