लाल दोऱ्याचा कौल

या, असे जवळ सरकून बसा. स्वस्थ बसा असं मात्र म्हणत नाही, कारण ही गोष्ट सांगताना मलाही अजून स्वस्थ बसवत नाही. गोष्ट आहे एका तळ्याची, एका गळाची आणि बोटभर लाल दोऱ्याची.

आमच्या सूतगिरणीच्या मागे तळं आहे. त्या रविवारी सकाळी काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं बापांच्या खांद्यांवर, बायका पंपघराच्या पायऱ्यांवर, आणि सगळ्यांचे डोळे पाण्यावर. गिरणीच्या एका खोलीत मुक्कामाला असलेल्या महाराजांनी आधी नमुना दाखवायला फोरमनला काठावरच्या शिळेवर बसवलं, हातात गळकाठी दिली, गळाला मंतरलेली कणीक लावली. पाच मिनिटांत पाण्यावरचं बूच गडप झालं आणि हातभर लांबीचा मासा काठावर फडफडला. लोकांनी हात जोडले.

"जल म्हणजे जीवन," महाराज म्हणाले. "जीवन म्हणजे जाणीव. आणि जाणीव म्हणजे काय?"

"जल," गर्दी म्हणाली.

हे चक्र ते रोज फिरवायचे. त्यात कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं, कुणालाच कळत नसे.

मग शिळेवर माझा धाकटा भाऊ बसला. तो गिरणीत फिटर. भांडारातून तांब्याच्या तारेचं भेंडोळं नाहीसं झालं होतं, आणि भांडारात शेवटी गेलेला तोच. फोरमनने महाराजांपुढे संशय बोलून दाखवला, महाराज म्हणाले पाण्याचा कौल घेऊ. तासाभरात मासा लागला तर निर्दोष. नाही लागला तर चोर, आणि सोमवारपासून गिरणीचं फाटक त्याला बंद.

तीन महिन्यांपूर्वी अशाच चोरीच्या संशयावरून गिरणीचा वॉचमन याच शिळेवर बसला होता. तासभर बूच हललं नाही. दुसऱ्या दिवशी बायको आणि वळकटी घेऊन तो निघून गेला. त्या दिवशी "चोर, चोर" म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता. हे सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही.

तेव्हा आमची आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाहेरगावी होती. शाळेत घंटा वाजवण्यात तिची सगळी नोकरी सरली आणि गळ टाकून बसण्यात तिचे तीस वर्षांचे रविवार गेले. या वेळी मात्र ती घरी होती, आणि भावाच्या कौलाच्या आदल्या संध्याकाळी तिने मला खोदून खोदून सगळं विचारलं होतं.

"तो महाराज लाल दोरा कुठे बांधतो म्हणालास?"

"तंगुसाला. गळाच्या दोरीला."

"ते कळलं रे शहाण्या. गळापासून किती लांब?"

मी शंभर वेळा पाहिलं होतं, आणि हेच पाहिलं नव्हतं.

तर त्या सकाळी महाराजांनी फोरमनच्या वेळचा दोरा सोडला, काठीवर शाल पांघरली, काहीतरी पुटपुटले आणि भावासाठी नवा दोरा बांधला. आत्याने मला कोपराने ढोसलं. "बघ आता नीट."

मी पाहिलं. गळापासून दोरा जेमतेम हातभर अंतरावर होता. फोरमनच्या वेळी तो दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतका लांब होता.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. भावाचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. भावजय पदराचं टोक पिळत होती, सोडत होती, पुन्हा पिळत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "वाटलंच होतं." मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो.

"आत्या, चाळीस मिनिटं झाली. काय बघत बसलीस?"

"खात्री करून घेतेय. नुसत्या संशयावर बोलायला मी काय फोरमन आहे?"

मग ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि शिळेपाशी गेली. "महाराज, घरातली मोठी म्हणून एकदा दोऱ्याला हात लावून नमस्कार करू का?"

"कर, माते. श्रद्धेला कोण अडवणार?"

आत्याने गळ वर घ्यायला लावला. दोरा दोन बोटांत धरला, थुंकीने ओला केला आणि तंगुसावरून सरकवत सरकवत बराच लांब नेला. डोळे मिटून नमस्कारही केला. "टाक रे धाकट्या."

बूच उभं राहिलं. एकदा थरथरलं आणि गडप झालं. भावाने काठी ओढली, मासा बाहेर, भावजय रडायला लागली.

महाराज क्षणभरही अडखळले नाहीत. "निर्दोष. पाणी बोललं."

लोक त्यांच्या पायाशी वाकले. मी आत्याचा हात धरला. "चल आता. सुटलो आपण."

"आपण सुटलो," ती म्हणाली. "तो वॉचमन?"

मी हात सोडला.

आत्याने दोरा पुन्हा हातभरावर आणला आणि काठी फोरमनपुढे धरली. "साहेब, मघाशी तुम्हाला पाच मिनिटांत मासा लागला. आता बसा."

फोरमन हसत बसला. हळूहळू त्याचं हसू गेलं. अर्धा तास झाला तरी बूच जागचं हललं नाही.

"म्हणजे तार साहेबांनी नेली वाटतं," पंपघराच्या पायऱ्यांवरून एक बाई म्हणाली, आणि पहिल्यांदा त्या काठावर हशा पिकला.

महाराज म्हणाले, "पाणी रुसलंय."

"पाणी कशाला रुसेल?" आत्या म्हणाली. "तुम्ही रोज पहाटे जलभोजन म्हणून इथे उकडलेला मका आणि पेंड टाकता, आम्ही सगळे हात जोडून बघतो. मासे त्या खाण्याला सोकावलेत. इथेच जमतात, पण खाली, चिखलात तोंड खुपसून. बुचाला आरपार भोक आहे, त्यातून तंगूस सरकतं. दोऱ्याची गाठ आली की बूच अडतं. गाठ लांब असली की कणीक तळाला पोचते. आखूड असली की माशांच्या डोक्यावर नुसती लोंबकळते. जमिनीवर जेवायला बसलेल्याची भाकरी फळीवर ठेवल्यासारखं. माशाला भूक कळते, बाबांनो. कुणाचं पाप त्याला कसं कळावं?"

तिने दोरा लांब नेला. फोरमनच्या गळाला लगेच मासा लागला. आखूड केला, नाही लागला. मग काठी महाराजांपुढे केली. त्यांनी शाल आवरली आणि ध्यानाची वेळ झाल्याचं सांगितलं. दुपारपर्यंत त्यांची खोली रिकामी होती.

फोरमन शिळेवरून उठला. खाली बघत म्हणाला, "तार कुणी नेली, मला माहीत नाही."

"एवढंच आधी म्हणायचं होतं," आत्या म्हणाली.

ते आजही कुणाला माहीत नाही. मी देवाला मानणारा माणूस आहे. त्याच्या नावाचं कुणी गायला लागलं की माझे डोळे भरतात. पण माणसाचा न्याय करायला त्याने आपल्याला डोळे आणि डोकं दिलंय, ते गहाण टाकून न्याय दोऱ्याच्या गाठीवर सोपवू नका. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी जवळ जा, मोजा, विचारा. कळलं नाही तर नाही कळलं म्हणा.

वॉचमनला मी दोन गावांत शोधून आलो, सापडला नाही. उंच माणूस, डाव्या पायाने जरा लंगडतो, शिट्टी सुरेख वाजवतो. कुठे भेटला तर सांगा, तुझा दोरा आखूड बांधला होता. आणि नाहीच भेटला, तरी गर्दीत उभं राहून कुणाला चोर म्हणण्याआधी एकदा त्याची आठवण काढा.