काटा पलंगात होता

“अहो, हात लावू नका! भाजेल!”

ही ओरडेपर्यंत मी संगणकाच्या पेटीवर तळहात टेकवलासुद्धा होता. खोटं सांगत नाही, त्या पेटीवर माझे दोन शर्ट इस्त्री करून झाले असते, वर तिसऱ्याची कॉलर. आतल्या पंख्याचा आवाज असा, की समोरच्या घरातली माणसं विमान निघालं समजून हात हलवायला गॅलरीत आली. मग एकदम शांतता. पडदा काळा.

“गेला,” सोफ्यावरून माझा धाकटा भाऊ म्हणाला. “वहिनी, मी आधीच म्हटलं होतं. मदरबोर्ड बदलणं म्हणजे उशीचा अभ्रा बदलणं नव्हे. भंगारात द्या न् नवा घ्या.”

“भाऊजी, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्ही तुम्हाला भंगारात दिलं होतं का?”

भाऊ जागच्या जागी सरकला. त्याच्याखालचं सोफ्याचं प्लास्टिक तेवढं कुरकुरलं.

ही म्हणजे माझी बायको. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते, कारण निवृत्त होईपर्यंत तिनं इस्पितळात रात्रपाळ्या केल्या. वॉर्ड झोपला, की ज्या पेशंटचा डोळा लागत नसे त्याच्याशी ती बुद्धिबळ खेळायची. खेळायची म्हणजे सुरू करायची. डाव जरा रंगात आला, की कुठल्यातरी खाटेवरून घंटा वाजायची आणि ही उठायची. परत येईतो पेशंट घोरत असे, नाहीतर सकाळी घरी जात असे. एकदोघे तर डाव टाकून थेट वरच गेले. घरी आली, तर पोरं, कुकरच्या शिट्ट्या आणि माझे हरवलेले मोजे. उभ्या जन्मात बाईनं एक डाव शेवटापर्यंत नेला नव्हता.

आता कुठे संगणकावर तिला जोडीदार सापडला होता, बोटीवरून निवृत्त झालेला एक कप्तान. पण जुना मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, जळाला, तिनं आपल्या हातानं नवा बसवला, आणि तेव्हापासून दोनदा ऐन डावात संगणकानं मान टाकली. कप्तानानं लिहिलं, ‘बाई, हरायला लागलात की दिवे मालवता वाटतं? आज संध्याकाळी शेवटचा डाव. पुन्हा गायब झालात, तर आपला रामराम.’

गायब झाल्याचं तिला फारसं वाटलं नाही. ‘हरायला लागलात’ हे मात्र झोंबलं. दोन्ही डावांत तीच वरचढ होती.

तिनं पेटी जेवणाच्या टेबलावर आडवी केली, झाकण काढलं आणि चष्मा वर सरकवला.

“पोस्टमॉर्टेम का?” भावानं विचारलं.

“जित्या माणसाचं करत नाहीत, भाऊजी.”

तिनं पुन्हा चालू करून पडद्यावर तापमानाचा आकडा काढला. आकडा माकड झाडावर चढावं तसा सरसर चढला. “पंखा तर जोरात फिरतोय,” ती पुटपुटली, “तरी ताप हटत नाही. म्हणजे औषध पोटात जातच नाहीये.”

प्रोसेसर म्हणजे संगणकाचं डोकं. त्याच्यावर उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा बसतो, आणि ठोकळ्यावर पंखा. हा ठोकळा नव्या बोर्डाबरोबर नवाच आला होता. तिनं तो सोडवून उलटा केला, आणि बघतच राहिली. तळाला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा तस्साच चिकटलेला.

आता आमच्या घराची रीत सांगतो. नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही! रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दारावर दुकानातली पट्टी, सोफा तर जन्मल्यापासून रेनकोटात. ही रीत हिचीच. हाताला इतकी सवय, की ठोकळाही तिनं सोवळ्यातच बसवला होता.

मला वाटलं, रडते आता. ती हसत सुटली. पापुद्रा सोलला, आणि त्याच तावात उठून फ्रिजची पट्टी ओढली, रिमोट मोकळा केला, भावाला उठवून सोफ्याचं कातडं काढलं. सोफा हिरवा निघाला. मी इतकी वर्षं त्याला निळा समजून बसत होतो.

मग प्रोसेसरवर उष्णता ठोकळ्याकडे पोचवणारी पेस्ट वाटाण्याएवढी लावली. मी म्हटलं, “अजून थोडी लाव की.”

“मलम आहे हो ते, गिलावा नव्हे.”

ताप उतरला. पेटी उभी केली, आम्ही जेवलो, आणि हात धुतोय तोच पडदा पुन्हा काळा.

“ताप नाही आणि फिट येते,” ती म्हणाली. “हा दुसरा आजार.”

“वहिनी, हट्ट सोडा. त्या कप्तानाला कळवून टाका.”

“काय कळवू? पळाले म्हणून?”

पेशंटला ढीगभर गोळ्या चालू असल्या, की सगळ्या बंद करायच्या आणि एकेक परत द्यायची, ही तिची वॉर्डातली पद्धत. तिनं मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या. तरी फिट. शेवटी अख्खा बोर्ड पेटीबाहेर काढला, कोऱ्या पुठ्ठ्यावर निजवला आणि तारा जोडून चालू केला. चालला! दुपार कलली, तरी चालतच राहिला. पेटीत घातला, की पुन्हा डोळे पांढरे.

“पेशंट ठणठणीत आहे,” तिनं जाहीर केलं. “पलंगातच काटा आहे. भाऊजी, बॅटरी धरा. आणि हलवू नका, यांच्यासारखी.”

पेटीच्या तळाला बोर्ड टेकवायच्या पितळी खुंट्या असतात. जुन्या बोर्डासाठी लावलेली एक जास्तीची खुंटी तिथंच राहिली होती. नव्या बोर्डाला त्या जागी भोकच नाही. खुंटी बिचाऱ्याच्या पाठीत टोचायची आणि वीज भलतीकडे धावायची. तिनं पक्कड लावली आणि खुंटी फिरवून काढली.

संध्याकाळी डाव मांडला गेला. पंखा मांजरासारखा गुरगुरत होता. आम्ही दोघे भाऊ मागे उभे. त्याची नजर तापमानावर, माझी हिच्या मानेवर. डाव चांगलाच लांबला. पटावरचे मोहरे संपत आले, आणि कप्तानाचा निरोप आला, ‘बरोबरी करायची?’

“घ्या वहिनी! मशीनचा काय भरवसा!”

“घे अगं,” मीही म्हणालो.

“बरोबरी म्हणजे पुन्हा अर्धवटच की,” ती म्हणाली, आणि ‘नाही’ दाबलं.

तिचं एक प्यादं एकेक घर करत पुढं निघालं. मी श्वास धरला तो असा, की अंगातला सदरा सैल झाला. प्यादं पलीकडे पोचलं, वजीर झालं. कप्तानाचा राजा कोपऱ्यात गेला आणि तिथंच अडकला.

मात.

भावानं अशी आरोळी ठोकली, की समोरचे पुन्हा गॅलरीत आले. कप्तानानं लिहिलं, ‘बाई, कुठे शिकलात?’

तिनं एकेक अक्षर शोधत उत्तर टाइप केलं, ‘रात्रपाळीत.’

मग ती पहिल्या खेळीवर परत गेली आणि सगळा डाव सावकाश बघू लागली. मी जेवण गरम केलं. ते गार झालं. पुन्हा गरम केलं. हाक मात्र आम्ही कुणी मारली नाही.