बुटक्या छताखाली

"ठमे, सावलीतून हलू नकोस!" दादा आतून ओरडला.

सावली म्हणजे आमच्या धंद्यात शिशाच्या भिंतीआडची जागा. पाइपांचे जोड पक्के आहेत का बघायला आम्ही बहीण-भाऊ गॅमा किरणांनी त्यांचे फोटो काढतो. किरणं सोडणारी गोळी वायरच्या टोकाला असते. भिंतीआडून हँडल फिरवलं की ती नळीतून बाहेर जाते, उलटं फिरवलं की पेटीत परत. आज नेमका एक पाइप घरंगळला, नळी चेपली आणि गोळी बाहेरच अडकली. मेला पाइप! दादा लांब चिमटा घेऊन नळी सरळ करायला गेला. वाट मोकळी झाली की हँडल मी फिरवायचं. मी जागा सोडली तर तो तिथेच भाजत उभा राहणार.

आणि माझ्या खिशातला किरणं मोजणारा मीटर कडकडायला लागला.

सावलीत मीटर गप्प असतो. म्हटलं, बिघडला असेल. भिंतीला चिकटले, तरी तेच. मग वर पाहिलं आणि उमगलं. आजवर आम्ही उघड्या मैदानात कामं केली. ही शेड नवी, छत काँक्रीटचं आणि बुटकं. भिंत छतापर्यंत पोचलेलीच नव्हती. किरणं वर काँक्रीटवर आपटत होती, थोडा जोर गमावून वाकडी वळत होती आणि भिंतीवरून माझ्या अंगावर उतरत होती. ही उन्हातल्यासारखी सावली समजलो, तिथेच फसलो.

मला दुसरा महिना चालू होता. नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. दादाला कळलं असतं तर त्याने मला कामावर येऊच दिलं नसतं.

"काय गं, मीटर वाजतोय का?"

"नाही रे बाबा! तू हात चालव!"

खरं सांगितलं असतं तर तो चिमटा टाकून माझ्याकडे धावला असता, आणि पुन्हा पहिल्यापासून आत जावं लागलं असतं. मी मीटर बंद केला. हँडलवर वाकून पोट झाकलं. वेडेपणा नुसता! आरपार जाणाऱ्या किरणांना पाठ काय नि पोट काय. लवकर कर रे दादा, पाया पडते तुझ्या, लवकर कर.

"फिरव!"

जीव खाऊन फिरवलं. गोळी पेटीत गेली, कुलूप बसलं.

दादा घामाघूम होऊन बाहेर आला, वर हसत होता. "रडतेस काय, वेडाबाई? भाजून निघालो तो मी, तुला काय धाड भरलीय?"

"दादा, तू मामा होणार..."

पुढे 'आहेस' म्हणू की 'होतास', मला कळेना.