मार्सेल्स आणि मार्से

मी पितांबर मास्तर. शिरपूर तालुक्यातल्या आमच्या गावात इंग्रजी येणारा माणूस मी एकटाच, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. डिप्टी साहेब तपासणीला आले तेव्हा माझी दोन इंग्रजी वाक्ये ऐकून त्यांनी मान डोलावली होती. तिसरे वाक्य मला येत नव्हते, पण ते त्यांनी विचारले नाही.

१९१८ च्या पावसाळ्यात भिकुबाईच्या नावाने सरकारी कागद आला. तिचा मुलगा झुलाल खेचरांच्या पलटणीत होता, लढाईसाठी फ्रान्सात गेलेला. कागद अर्थात मीच वाचला. झुलाल तिथल्या इस्पितळात न्यूमोनियाने वारला होता. गावाचे नाव मी दोनदा ठासून वाचले, मार्सेल्स. भिकुबाई रडली नाही. झुलालबरोबर गेलेला वना परत येऊ दे, मग बघू, एवढेच म्हणाली.

वना माघात आला. पारावर सगळ्यांसमोर त्याने सांगितले, "झुलाल मार्सेले वारना. मी मना हातघाई त्याले अग्नी दिधा."

"मार्सेल्स," मी म्हणालो.

"मार्से, मास्तर. मी तठे आठ महिना व्हतू. बठ्ठा मार्से म्हनतस. भाजीवाली म्हनस, टांगावाला म्हनस."

"भाजीवालीला इंग्रजी येत होते का?"

"नही."

"मग तिचे काय घेऊन बसलास?"

पार हसला आणि मला बरे वाटले. वना मात्र हटेना. तिथले लोक आपल्या गावाचे नाव कसे घेतात ते त्याने स्वतःच्या कानाने ऐकले होते, म्हणे. इंग्रज ते कसे घेतात ते माझ्या पुस्तकात होते, आणि पुस्तकाला कान लागत नाहीत.

आमचा भाग दाव्यांचा. कागदात एक शीव आणि साक्षीदाराच्या तोंडी दुसरी असली की दावा फेटाळला जातो, हे इथे पाळण्यातल्या पोरालाही कळते. भिकुबाईने तेच धरले. "कागद मार्सेल्सना शे, वना मार्सेहून उना. ही दोन गावं शेतस. पहिले तुम्ही ठरावा, मंग मी पाहसू." गावाने माना डोलावल्या. मुद्दा कायद्याचा होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या मेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. त्या आखाजीला भिकुबाईने नवऱ्याची घागर भरली, झुलालची भरली नाही. तिची सून यशोदा कुंकू लावूनच राहिली. वना आणि मी रोज सकाळी पारावर भांडत होतो. मी शाळेतला नकाशा आणला, वनाने शपथा घेतल्या. भिकुबाई शेंगा घेऊन येई, आम्हा दोघांपुढे सारख्या ओती आणि ऐकत बसे. कधी आम्ही दमलो तर, "मास्तर, नकाशामा काय म्हनतस?" असे विचारून पुन्हा पेटवून देई. मला वाटे, म्हातारीला भूगोलाची गोडी लागली.

वर्ष असेच गेले. पुढच्या चैत्रात यशोदा शाळेत आली आणि दाराशी उभी राहिली. तिच्या वडिलांनी, रुपचंदभाऊंनी, चोपड्याकडचा एक बिजवर पाहिला होता. माणूस चांगला होता, विधवेशी पाट लावायला तयार होता, पण आखाजीपर्यंतच थांबणार होता.

"घागर भराशिवाय पाट लागत नही," ती म्हणाली. "मास्तर, ती दोन गावं शेतस का एक?"

खरे सांगतो, मला तिचा राग आला. कारण उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावर तशा नावाचे बंदर नकाशात एकच होते. इंग्रज त्याला एक म्हणत, तिथले लोक दुसरे. पण हे बोललो असतो तर वना खरा ठरला असता, आणि गावात फ्रान्सचे नाव निघाले की माणसे त्याच्याकडे वळली असती. एवढ्याशा मानासाठी मी एका वीस वर्षांच्या बाईला वर्षभर टांगून ठेवले होते. माझी मलाच लाज वाटली.

त्याच दुपारी मी भिकुबाईच्या ओसरीवर गेलो. ती शेंगा फोडत होती.

"अक्का," मी म्हणालो, "गाव एकच आहे. वना म्हणतो तेच खरे. मार्से."

तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"माले पहिल्या दिवसपासून ठाऊक शे, मास्तर. वना खोटं बोलस नही. पन तुम्हा दोन्हीसनं भांडन चालू व्हतं तवलगुन माले कोनी घागर भर म्हनं नही."

ती उठली, आतल्या यशोदेला हाक मारली आणि बापाला निरोप धाड म्हणाली. मग परत माझ्यासमोर येऊन बसली, आणि दीड वर्षापूर्वी रडायची राहिली होती ती रडली. मी तिथेच बसून राहिलो.